स्वरपेढीचं कुलूप

मिरजेच्या स्वरपेढीत त्या सकाळी पडद्यावरचे सगळे दिवे हिरवे होते. आवाज मात्र येत नव्हता.

घशाच्या शस्त्रक्रियेत ज्यांचा कंठ जाणार असे, त्यांचा आवाज आधी इथे ध्वनिमुद्रित करून ठेवत. त्याचे बारीक तुकडे करत. त्यांना म्हणायचे स्वरकण. पुढे त्या माणसानं मोबाइलवर पेढीचं संकेतस्थळ उघडून वाक्य लिहिलं, की कण जुळून ते वाक्य त्याच्याच आवाजात ऐकू येई. वर्षानुवर्षं हे सुरळीत चाललं होतं. मग कुणा चोरानं एका आजोबांचा आवाज वाटेतच उचलला आणि त्या आवाजात त्यांच्या मुलीला फसवलं. म्हणून काल संकेतस्थळ सुरक्षित जोडणीवर आणलं, आणि सगळेच मुके झाले.

हेमलता नरगुंदे सकाळीच येऊन बसल्या होत्या. त्यांनी मोबाइलवर लिहून दाखवलं : ‘उद्या भाचीचं बारसं. कानात नाव मी सांगायचं. भावाला बहीण मी एकटीच.’ आणि खाली : ‘कुर्रर्र करायलाही आवाज लागतो हो!’

पेढीचा जुना कारभार ठाऊक म्हणून निवृत्त सुलभा प्रभुदेसाईंना मुद्दाम बोलावलं होतं. संकेतस्थळ आता रुक्साना मुजावर सांभाळत असे.

“पान उघडतंय, मॅडम. फक्त स्वरकण येत नाहीत.”

“पानात कणांचा पत्ता काय लिहिलाय?”

“जुन्या, उघड्या जोडणीचा आहे.”

“मग ब्राउझरचं काय चुकलं? पान सीलबंद डब्यातून आणि आवाज उघड्या टोपलीतून, हे तो चालवून घेत नाही. टोपलीत वाटेत कोण काय टाकेल!”

रुक्सानानं पत्ता बदलून सुरक्षित केला. तरी शांतता.

“कण ज्या यंत्रात साठवलेत, त्याच्याकडे प्रमाणचिठ्ठीच नाही,” ती म्हणाली.

‘ती कसली?’ हेमलताबाईंनी लिहिलं.

“‘मी तोच’ असं यंत्रानं स्वतः सांगून भागत नाही,” सुलभाताई म्हणाल्या. “विश्वासाची संस्था एक संकेत देते. तो त्याच यंत्रात ठेवून दाखवला, तरच चिठ्ठी मिळते. म्हणजे यंत्रापाशी माणूस हवा.”

“आपणच तिथून कण आणून पुढे दिले तर?” रुक्सानानं विचारलं.

“तिथून इथवरची वाट उघडीच राहील. चोर तिथे उभा राहील, आणि आपलं कुलूप शोभेला. पण यंत्र आहे कुठे?”

“तेच तर! आपल्या इमारतीत नाहीच.”

सुलभाताईंनी चष्मा काढला. कृष्णेचं पाणी जुन्या पेढीत शिरलं होतं ते साल त्यांना आठवलं. पेढीचे डॉक्टर भागवत धोतर खोचून एक यंत्र स्वतः जीपमध्ये ठेवत होते. एका रुग्णाकडे नेतो, आठवडाभर राहू दे, म्हणाले होते. डॉक्टर गेले, पेढी नव्या जागेत आली आणि तो आठवडा कुणी मोजलाच नाही.

“यंत्राच्या पत्त्याच्या नोंदणीत तासगावचा लँडलाइन नंबर आहे,” रुक्साना म्हणाली. “सकाळपासून लावतेय. कोणीतरी उचलतं आणि बोलतच नाही. वात्रट मेला! शेवटी झापलं मी.”

हेमलताबाईंनी टेबलावर थाप मारली. भराभरा लिहिलं : ‘कालपासून मीही फोन उचलून अशीच गप्प बसते.’

रुक्सानानं फोन पुढे सरकवला. मग सुलभाताईंनी नंबर फिरवला.

“स्वरपेढीतून सुलभा प्रभुदेसाई बोलतेय. बोलता येत नसेल, तर फोनवर टिचकी मारा.”

टक्.

“डॉक्टरांनी ठेवलेलं यंत्र तुमच्याकडे आहे?”

टक्.

“अजून चालू आहे?”

टक्, टक्, टक्! त्यात राग स्पष्ट ऐकू आला.

सुलभाताईंनी आपला मोबाइल नंबर सांगितला. लगेच निरोप आला : ‘दिगंबर माळी. कबड्डीचं समालोचन करायचो. आधी त्या पोरीला सांगा, म्हातारा वात्रट नाही. यंत्र न्यायला कुणी आलं नाही. बंद केलं तर किती जण मुके होतील, म्हणून त्याचे पंखे बदलत राहिलो. इन्व्हर्टर देवघरात, यंत्र शेजारीच. कालपासून कण माझ्याच घरात आणि मीच गप्प!’

रुक्सानाचे कान लाल झाले. सुलभाताईंनी निरोप पुन्हा वाचला, आणि मग त्यांना चष्मा पुसावा लागला.

दुपारभर त्या एकेक पायरी लिहून पाठवत होत्या आणि तिकडे दिगंबरराव ती करत होते. संकेत यंत्रात बसला, संस्थेनं तो वाचला, चिठ्ठी आली. दिवेलागणीला फोन वाजला.

“आणि बाद झालेला गडी परत मैदानात!” अख्खी खोली दणाणली.

“दिगंबरराव, तुमचे आभार कसे मानू?”

“उलटं बोलताय, ताई. डॉक्टरांनी माझा आवाज जपून ठेवला. मी त्यांचं यंत्र जपलं. त्यात काय?”

रुक्साना फोनजवळ सरकली. “काका, चुकलं माझं.”

“पोरी, समालोचकाला झापणारी तू पहिलीच!”

दुसऱ्या दिवशी बारशाच्या वेळी दोघी पडद्यासमोर बसल्या. दिगंबरराव फोनवर होतेच. हेमलताबाईंच्या मोबाइलवरून एक ओळ निघाली आणि स्वरकण घेऊन परतली.

“काय नाव गं?” सुलभाताईंनी हळूच विचारलं.

“सीलबंद आहे, मॅडम. फक्त लांबी दिसतेय. छोटंसं आहे.”

“माझ्या देवघराशेजारून गेलं आणि मलाही कळू नये!” दिगंबरराव हसले.

परवापर्यंत ते नाव वाटेतल्या कुणालाही वाचता आलं असतं. आज ते सगळ्यांआधी पाळण्यातल्या बाळानं ऐकलं.

थोड्या वेळानं हेमलताबाईंचा निरोप आला : ‘कुर्रर्र केलं. रडायची थांबली.’