म्हैस चंद्री १

गेल्या मंगळवारी हौसाबाई खारतुडे यांनी सरदारांचा सूड घेतला आणि तो पुरता यशस्वी झाला. लेखागाराच्या नोंदीप्रमाणे असं काहीही घडलेलं नाही, कारण असे कोणी सरदार नव्हतेच.

तर न घडलेली गोष्ट अशी.

दास्य-लेखागाराच्या, म्हणजे गुलामीचे कागद सांभाळणाऱ्या कचेरीच्या, स्मृतिसंचात जुन्या याद्या जपून ठेवल्या होत्या. हौसाबाईंच्या घराण्यातली सर्वांत जुनी बाई त्यातल्या एका यादीत होती: 'हंडा तांब्याचा १, म्हैस चंद्री १, कुणबीण १.' कुणबीण म्हणजे विकत घेतलेली बाई. म्हशीला नाव होतं, हे हौसाबाईंना चाळीस वर्षं सलत होतं. यादीच्या माथ्यावर मालक असलेल्या सरदाराचं नाव, सात पदव्यांसकट.

"बाईचं नाव वाळवीनं खाल्लंय, मावशी," लेखागाराचे शास्त्रज्ञ डॉ. फणसे म्हणाले. "परत आणता येईल. पण नष्ट झालेली माहिती फुकट येत नाही. ती आणायची तर दुसरीकडची अक्षरं कायमची द्यावी लागतात. याला आम्ही 'अक्षरबदला' म्हणतो. बदला म्हणजे अदलाबदल."

"मला कळतो बदला."

"कुणाची अक्षरं देताय? लोक साबणाच्या जुन्या जाहिराती देतात."

"सरदाराची."

"मावशी, हल्ली नावं कुणी डोक्यात ठेवत नाही. कानामागे बसवलेला यंत्राचा मणी ती इथूनच आणून देतो. इथून गेलं की चौकातल्या त्याच्या पुतळ्यावरून जाईल, तुमच्या तोंडातूनही जाईल."

"पदव्यांसकट घ्या. उरतील ती अक्षरं तुम्हाला ठेवा."

नाव आलं. गोजरा. हौसाबाईंनी ते तीनदा उच्चारलं, डोळे पुसले आणि तडक चौक गाठला. पुतळ्याखाली उभं राहून गोजराच्या वतीनं शिव्या घालायच्या होत्या. आईकडून आलेल्या, तोंडपाठ, प्रत्येकीत त्याचं नाव.

"अरे ए..." त्या म्हणाल्या. पुढे काही येईना. घोड्यावर कुणीतरी बसलं होतं, एवढंच.

त्या परतल्या तेव्हा फणसे पडद्याकडे बघत होते. मालक नाही म्हणजे मालकीही नाही, असं लेखागाराच्या यंत्रानं ठरवलं होतं आणि नोंद दास्यातून उचलून दुग्धव्यवसायात टाकली होती: 'गोजराबाई. स्वतःची म्हैस चंद्री. आद्य महिला उद्योजक.'

"अभिनंदन," फणसे म्हणाले. "बाई स्वतंत्रच होत्या म्हणायच्या."

"तिला विकत घेतली होती."

"कुणी?"

हौसाबाईंनी कोरा अर्ज मागून घेतला.

'विषय: गुन्हेगार परत मिळणेबाबत. आमच्या गोजरास ज्या इसमाने विकत घेतले, तो इसम मूळ जागी, पदव्यांसकट, पुन्हा बसवण्यात यावा, ही नम्र विनंती.

इसमाचे नाव (भरणे सक्तीचे):'