हीटरमधली गळती

ही गोष्ट माझ्या सिंधूमावशीबरोबर घडलेली आहे. मावशी थापा मारणाऱ्यांतली नाही. आणि भैय्याजी मिस्त्री तर त्या दिवशी तिथे होताच.

१९७८चा जानेवारी. नागपूर, प्रताप नगर. सकाळची कडाक्याची थंडी.

मावसाजींनी, म्हणजे रुपरावांनी, कन्हानच्या एका खाणसाहेबाकडून जुनी अमेरिकन गाडी घेतली होती. तिला चक्क हीटर होता. गल्लीत त्याचाच तोरा.

पण हीटर बिघडलेला. गरम हवा पायांकडे यायचीच नाही, सगळी वर काचेवर जायची.

त्या हवेने काच सुकायला हवी ना? पण बाजूच्या सीटसमोर ती आतून धुरकट व्हायची...

बशीएवढीच.

शिवाय वास. चमेलीच्या तेलाचा. मावशी तर खोबरेल लावायची.

तिच्या डोक्यात संशयाचा किडा वळवळू लागला.

"कोणाले बसवता जी बाजूले?"

"कोणाले बसवू? हीटरची नळी गळून राहिली असंल." मावसाजी तिच्याकडे न बघता म्हणाले.

नवरा हातचा जातोय की काय, या धास्तीने मावशी हट्टाने मावसाजींबरोबर भैय्याजीच्या गॅरेजला गेली. खरं काय ते तिला मिस्त्रीच्या तोंडून ऐकायचं होतं.

भैय्याजीने समजावलं. इंजिन रबरी नळ्यांतून हवा ओढतं, त्या ओढीने हीटरची झडप हलते. नळी चिरली की ओढ जाते आणि हवा काचेवर.

त्याने अगरबत्ती पेटवली. धूर जिथे आत खेचला जाईल, तिथे चीर.

डॅशबोर्डखाली धूर एका नळीत सुळकन शिरला.

"सापडली. बंद कर गा इंजन," भैय्याजी म्हणाला.

मावशीचा जीव भांड्यात पडला. नवरा खरं बोलत होता. तिला स्वतःचीच लाज वाटली.

इंजिन थांबलं.

धूर मात्र अजून आत जात होता...

मग बाहेर आला.

पुन्हा आत... पुन्हा बाहेर. संथ. झोपलेल्या माणसाच्या श्वासासारखा.

"किल्ली काढली ना गा?"

मावसाजींनी हातातली किल्ली दाखवली. ते जराही घाबरले नव्हते. मावशीला तेच खटकलं.

भैय्याजीने नळी बदलली. निघताना मावशीला हळूच म्हणाला, "बाई, तुमी मांगं बसा."

मावशी मागे बसली. हीटर झकास चालत होता. गरम हवा पायांशी येत होती.

पुढच्या रिकाम्या सीटसमोरची काच मात्र हळूहळू धुरकट झाली...

"थंडी वाजून राहिली का वं?" मावसाजींनी विचारलं. इतक्या मायेने त्यांनी कित्येक दिवसांत विचारलं नव्हतं.

"नाही जी," ती म्हणाली.

मावसाजींनी आरशातून तिच्याकडे पाहिलं.

"तुले नाही विचारलं."

गाडी कधीच भंगारात गेली. मावसाजी अजूनही जेवायला बसले की आपल्या बाजूला एक पाट मांडून ठेवतात.

मावशी त्यावर बसत नाही. आम्हालाही बसू देत नाही.