चादरीला टाचलेली कविता

मला वाटलं होतं, आत्याच्या कविता तिच्या पेटीत असतील. लंडनला मामाकडे शिकत असताना मी त्या पेटीची स्वप्नं पाहत असे. फितीने बांधलेले कागद, बारीक अक्षर. त्यांचं पुस्तक छापायचं आणि वर तिचं नाव ठसठशीत घालायचं, डिलिव्हरन्स पील. मॅसॅच्युसेट्सच्या रानातली बाईसुद्धा कविता करते, हे तिकडच्यांना कळू दे. मी घरी पोचले तेव्हा आत्या गेली होती, आणि पेटीत लोकर होती.

"कागद कुठले?" सायलेन्सताई म्हणाली. ही आत्याची मुलगी. मांडीवर तिची तान्ही रूथ. "आईला लिहिता कुठे येत होतं? मुलींना बायबल वाचण्यापुरतं शिकवतात इथे. पुढचं शहाणपण तुझ्यासारख्यांसाठी."

आत्या लोकर कातता कातता रचायची. गावात कुणी गेलं की मोठ्या चरख्यापाशी मागेपुढे चालत ती त्या माणसावर कविता करी, शाळामास्तर ती उतरवून घेत, आणि तो कागद शवपेटीवरच्या काळ्या चादरीला टाचला जाई. पुढे पेटीबरोबर मातीत. सगळ्या कविता अशाच गेल्या होत्या. उरली होती एकच, तिने स्वतःसाठी रचलेली. जमीन गोठून दगड झाली होती, म्हणून आत्याची शवपेटी, चादरीला टाचलेल्या त्या कवितेसकट, कोठारात बर्फ वितळायची वाट पाहत होती.

"त्या कवितेची नक्कल करून घेते मी," मी म्हणाले.

"मयताची वस्तू आहे. मयताजवळ राहू दे."

"लगेच परत ठेवीन, ताई."

"लंडनला मेलेल्यांना विचारत नाहीत वाटतं?" ती हसली. मग तिचं हसू मावळलं. "शवपेटी तयार झाल्याशिवाय आई मास्तरांना दौत उघडू द्यायची नाही. म्हणायची, कागदावर उतरलेली कविता रिकाम्या हाताने परत जात नाही."

मला तो खुळेपणा वाटला. एका बाईचं नाव पुसलं जात होतं, आणि हे लोक टाचणीला घाबरत होते.

त्या दुपारी मी कोठारात गेले. गाईचा श्वास वाफेसारखा दिसत होता. टाचणी इतकी गार होती की बोटाला चिकटली. कागद घेऊन मी माडीवरच्या चरख्याच्या खोलीत बसले. हिवाळ्यात तिथे दुपारीच अंधारून येतं, म्हणून मेणबत्ती लावली. शेवटची ओळ उतरवून झाली आणि मागे फळी करकरली.

पावलं. मागे मागे जाणारी, संथ. मग चरख्याची घरघर. मग पुढे येणारी पावलं. ओल्या लोकरीचा, मेंढीच्या चरबीचा वास खोलीभर पसरला. मी वळले नाही. भीती वाटत होती, पण तिच्याहून मोठा होता आनंद. कारण घरघरीतून आवाज येत होता, कुणी स्वतःशी बोलावं तसा, आणि तो आवाज कविता रचत होता. मी नवा कागद ओढला आणि लिहू लागले.

*दुरून आली पोर पाहुणी, चार दिवसांची जाण,*
*माती मऊ होईल तोवर…*

इथे आवाज थांबला. नुसती घरघर. नावाची जागा होती ती. तेवढ्यात खाली रूथ खोकली, आणि माझ्या लेखणीने तिथे 'रूथ' लिहिलं. मागून शेवटचे दोनच शब्द आले, *टेक मान*.

चरखा थांबला.

ओळ लंगडत होती. आत्याची ओळ कधी लंगडत नाही, एवढंच तेव्हा मनात आलं.

"केझाया, खाली ये…" ताईचा आवाज वेगळाच होता. "हिचा श्वास…"

रूथच्या छातीतून शीळ येत होती. आम्ही कांद्याचं पोटीस बांधलं, चुलीपाशी धरून बसलो. शीळ वाढतच गेली. ताईची नजर माझ्या बोटांवरच्या शाईवर पडली.

"कुणासाठी लिहिलंस…?"

मी बोटं मुठीत मिटली. तिने बाळाला आणखी घट्ट धरलं.

"जाळून टाकते, ताई."

"उतरलेली कविता जळून मिटत नाही. तिला कुणीतरी लागतं."

उजाडल्यावर मी ठरवलं. पुस्तक राहू दे. कागद घेतला, 'रूथ' खोडलं आणि वर माझं नाव लिहिलं. कोठारात जाऊन आत्याचा कागद तिच्या चादरीला परत टाचला, आणि त्याच्या शेजारी माझा.

घरातून रूथचं रडणं ऐकू आलं. मोकळं, भुकेचं.

टाचणी खोचता खोचता मी ती ओळ पुटपुटून पाहिली.

*माती मऊ होईल तोवर, केझाया, टेक मान.*

आता ओळ लंगडत नव्हती. एकही मात्रा कमी नव्हती.