हंसाचा घास

ज्याला खोटं वाटेल त्याने खुशाल खोटं समजावं. वाद घालायचं त्राण माझ्यात उरलेलं नाही.

पण २०१७ च्या मे महिन्यात, डहाणू रोडच्या आमच्या छोट्या प्रयोगशाळेत, भर दुपारी हे घडलं.

जवळच्या आगर गावची हंसा सुकी मासळी विकायची. मूत्रपिंडावरच्या ग्रंथीतली तिची गाठ काढली आणि पुढच्याच आठवड्यात रक्तात जंतूंचं विष भिनून ती गेली. गाठीचा तुकडा तिच्याच परवानगीने आमच्याकडे आला होता. त्यातल्या पेशी आम्ही बाटलीत वाढवत होतो. त्यांच्यावर तसलंच विष घालायचं आणि त्या किती हार्मोन तयार करतात ते मोजायचं, हे माझं काम.

बाकीच्या रुग्णांच्या पेशी विषाने मलूल व्हायच्या. हार्मोन घटायचं. मग मरायच्या.

या मरेनात...

रोज विष घालून घालून माझे हात दुखले. हार्मोन तसूभर कमी झालं नाही. त्याच दिवसांत माझ्या लक्षात आलं, माझ्या डब्यातल्या पोळीसाठी खिडकीत भांडणारे कावळे यायचे बंद झालेत.

एक दिवस मी एकटीच होते. पेशींच्या उबदार कपाटाजवळून आवाज आला...

"हाऽऽ... हाऽऽ..."

आणि एक टाळी.

वाळत घातलेल्या बोंबलांवरून बायका कावळे हाकलतात ना, अगदी तसं.

त्याच संध्याकाळी हंसाचा नवरा, नारूकाका, दारात उभे राहिले. दहाव्याला पिंडाला कावळा शिवलाच नव्हता. दर्भाचा कावळा करून भटजींनी वेळ निभावली, पण काकांचं मन मानेना. तेव्हापासून ते रोज किनाऱ्यावर घास ठेवून बसायचे.

"तिचं काय तुमच्याकडे राहिलंय का गो, पोरी? जीव अडकलाय तिचा."

मला रडूच आलं. मी बाटली दाखवली. काका बाटलीवर हात ठेवून म्हणाले, "सोड तिला."

आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुखांनी, रवींद्र सरांनी, पेशी मारून टाकायला कुरकुरत परवानगी दिली. मी बाटलीत ब्लीच ओतलं.

दुसऱ्या दिवशी खिडकीत कावळे हजर.

काकांच्या घासाला मात्र एकही शिवला नाही...

मग सरांना आठवलं. थोड्या पेशी गोठवून मुंबईच्या एका प्रयोगशाळेला पाठवल्या होत्या. मी काकांना खरं ते सांगितलं.

"थंडी सोसत नव्हती गो तिला," एवढंच बोलले.

मी मुंबईला फोन लावला. टाकून द्या म्हणून हात जोडायचेच बाकी होते. तिकडची मुलगी खुशीत सांगत होती, कालच बाहेर काढल्या, मस्त वाढतायत.

तेवढ्यात तिच्या मागून...

"हाऽऽ... हाऽऽ..."

मी विचारलं, तिथे कोण आहे?

"कोणी नाही, ताई. मी एकटीच आहे."

त्यांनी बाटली टाकली नाही. एवढ्या चिवट पेशी कोण टाकणार? पुढे आणखी कोणाकोणाला वाटल्या म्हणे. मी विचारायचं सोडून दिलं.

नारूकाका अजून रोज घास ठेवतात. कावळे लांब बसून नुसते बघतात.