ओरखडा भरून आला

हे खरं घडलेलं आहे. विश्वास ठेवायचा की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा. पुरावा माझ्या डाव्या हातावर आहे, आणि तो हात अजून तरी मीच वापरते.

रविवारची दुपार होती. शरीररचना विभागाचा वरचा मजला. पेशी वाढवायची खोली. बाहेर लख्ख ऊन पडलेलं. भुताला शोभेल असं तिथे काहीच नव्हतं.

मी तेव्हा पीएचडी करत होते. विषय जखमेचा. माणसाच्या कातडीच्या पेशी फ्लास्कमध्ये वाढवायच्या. त्यांचा थर धरला की मधोमध एक ओरखडा काढायचा. मग पेशी सरकत सरकत तो किती वेळात भरून काढतात, ते मायक्रोस्कोपखाली बघत बसायचं. ऐकायला सोपं, करताना नाकी नऊ येतात.

माझ्या आधी हे काम एक सीनियर मुलगी करायची, सगळे तिला ताई म्हणायचे. मी तिला कधी पाहिलंही नाही. मी येण्याआधीच ती रस्त्यावरच्या अपघातात गेली.

पण विभागात तीच होती.

"ताईच्या हाताला गुण होता."

"ताईचा ओरखडा एका रात्रीत भरायचा."

"ताई आधी फ्लास्कवर नखाने तीन टिचक्या मारायची. पेशींना सांगायची, मी आले गं."

हे सांगताना माझे मार्गदर्शक सर कौतुकाने हसायचे. मला मात्र 'वादळ' म्हणायचे. का, तर मी एकदा अख्खा ट्रे पाडला होता.

मी जळायचे तिच्यावर. मेलेल्या माणसावर कोणी जळतं का? मी जळायचे.

त्यातून तिच्या पेशी जिवंत होत्या. रीतसर परवानगी काढून तिने स्वतःच्याच डाव्या हाताच्या कातडीचा बारीक तुकडा काढून घेतला होता. त्याच्यापासून वाढवलेल्या पेशी गोठवून ठेवल्या होत्या. बाहेर काढून ऊब दिली की त्या पुन्हा वाढायच्या. मी त्यांच्यावर कितीही मर मर मेहनत केली तरी सर म्हणायचे, "पेशीच ताईच्या, मग काय!"

मग मीही हट्टाला पेटले. परवानगी काढली. डॉक्टरांनी माझ्याही डाव्या हाताचा, मनगटाच्या जरा वर, पेन्सिलीच्या टोकाएवढा तुकडा घेतला.

माझ्या पेशी आळशी निघाल्या. ओरखडा दिवसेंदिवस तसाच. आणि गंमत म्हणजे, हातावरची जखमही भरेना.

शेवटी सर म्हणाले, "वादळ, सोमवारी समितीला दाखव. तुझ्या पेशींनी ओरखडा भरला नाही, तर मी हे काम दुसऱ्या कोणाला तरी देतो. माझाही नाइलाज आहे."

म्हणून रविवारी मी एकटी आले. नवा ओरखडा काढला. फ्लास्क इनक्युबेटरमध्ये, म्हणजे पेशींना ऊब देणाऱ्या पेटीत, ठेवला. ताईच्या पेशी मी मुद्दाम दुसऱ्या खोलीत ठेवल्या होत्या. पेशींना घालायच्या खाद्याची बाटलीसुद्धा वेगळी. एका बाटलीतलं खाद्य दोघींना घालायचं नसतं. चुकून एकीच्या पेशी दुसरीच्यात गेल्या, तर ज्या दांडग्या असतात त्या सगळी जागा बळकावतात. हे आम्हाला पहिल्याच दिवशी शिकवतात.

मी स्टुलावर बसले. इमारतीत चिटपाखरू नव्हतं. फक्त इनक्युबेटरची घरघर.

मग घरघर थांबली...

वीज होती. दिवा लागलेला होता. बटण चालू होतं. फक्त आवाज नव्हता.

आणि त्या शांततेत...

टक. टक. टक.

प्लॅस्टिकवर नख.

इनक्युबेटरच्या आतून...

 मी त्याचं दार उघडलं. आत माझा एकटा फ्लास्क. त्याच्यावर वाफ धरलेली. त्या वाफेत नखाएवढे तीन ठिपके होते. माझ्यादेखत ते पुसट झाले.

फ्लास्क मायक्रोस्कोपखाली धरला.

ओरखडा नव्हता...

इकडून तिकडे सलग पेशी. तासही झाला नव्हता.

मी घाबरले? हो. पण त्याआधी आनंद झाला. खोटं कशाला बोलू?

सोमवारी समिती खूश. सरांनी पाठ थोपटली. म्हणाले, "शाब्बास! अगदी ताईचा हात!"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पेशी माझ्या, हात माझा, आणि नाव पुन्हा तिचंच!

घरी येऊन पट्टी सोडली. जखम भरली होती. व्रणसुद्धा नव्हता. तिथे एक तपकिरी तीळ होता.

तो माझा नाही. माझ्या आईला विचारा.

पुढे समितीने पेशींची ओळख पटवायला नमुना पाठवला. माझ्या फ्लास्कमध्ये माझी एकही पेशी सापडली नाही. सगळ्या ताईच्या.

सर भडकले. "एकच बाटली वापरलीस ना दोघींना? नवशिके हमखास हीच चूक करतात!"

मी शपथा घेतल्या. कोण ऐकतंय?

शेवटी त्यांनीच मार्ग काढला. "जाऊ दे. ताईच्याच पेशींवर पूर्ण कर."

केलं. ओरखडे भराभर भरत गेले. पदवी मिळाली. प्रबंध मांडला त्या दिवशी सरांनी ताईच्या आईला बोलावलं होतं. कार्यक्रम संपल्यावर काकू माझ्याजवळ आल्या. माझा डावा हात हातात घेतला.

"किती छान बोललीस गं!"

मी लांब बाह्यांचा ड्रेस घातला होता. बोलता बोलता काकूंचा अंगठा बाहीखाली सरकला. न बघता. थेट त्या तिळावर...

आणि हळूहळू तो चोळायला लागला.

"असं केलं की लगेच झोपायची," त्या म्हणाल्या. मग अंगठा थांबला. माझ्याकडे पाहिलं. आणि माझी बाही नीट खाली ओढली.

आता त्या अधूनमधून घरी येतात. हात धरून बसतात. कुठल्या कुठल्या जुन्या गोष्टी सांगतात. सांगताना माझ्या तोंडाकडे बघत नाहीत. निघताना म्हणतात, "हात जप गं."

डॉक्टर म्हणाले, साधा तीळ आहे, हवा तर काढून टाकू. मी नको म्हटलं.

काल काकू भेटून घरी गेल्या. मी दार लावून टेबलाशी येऊन बसले...

टक. टक. टक.

खाली पाहिलं. डाव्या हाताच्या बोटाचं नख टेबलाला टेकलेलं होतं. मी ते हलवलं नव्हतं.

भीती वाटलीच. पण ती नंतर. आधी मी जळलेच. इतक्या मायेने माझा हात आजवर कोणी धरला नव्हता, आणि आता धरला तोही माझा म्हणून नाही.