वाळुंजांचा ओहोळ

संवत छप्पनच्या मोठ्या दुष्काळानंतरची गोष्ट. आमचे हे, गणोजी, गंधवानीच्या ठाण्यात शिपाई होते. आमच्या लहानग्या इंदूला ताप होता, म्हणून बाग गावच्या वैद्याकडे निघालो. दसरा उलटला होता, ऊन स्वच्छ होतं. यांनी बैलगाडी जोडली, मी पोरीला मांडीवर घेऊन बसले.

वाटेत डोंगरातला ओहोळ लागतो. दोन्ही काठांना वाळुंजांची दाट झाडी; खोडं पाण्यावर ओणवलेली, तांबडी मुळं केसांसारखी पाण्यात सुटलेली. वारा आला की पानं उलटतात आणि सगळा काठ पांढरा दिसतो. त्या दिवशी वारा नव्हता, तरी पानं उलटत होती.

ओहोळाच्या मधोमध चाक रुतलं. हे उतरून रेटत होते, तोच वरून घुमल्यासारखा आवाज आला. डोंगरात कुठे पाऊस झाला असेल. गढूळ लोंढा गाडीवर आदळला आणि इंदू माझ्या हातातून गेली.

हे काठाकाठाने खाली धावले. मी वाळुंजांत शिरले. फांद्या तोंडावर लागत होत्या, ओल्या सालीचा कडवट वास नाकात भरला होता. हाका मारून घसा बसला. दिवस कलला, तेव्हा आत कुणीतरी गुणगुणताना ऐकू आलं.

ओणव्या खोडावर एक बाई बसली होती. मांडीवर इंदू, अगदी कोरडी. बाईच्या लुगड्यातून मात्र पाणी टपकत होतं, थांबतच नव्हतं. थोपटणारी बोटं फार दिवस पाण्यात राहिल्यासारखी पांढरी, सुरकुतलेली.

मी हात पुढे केले. तिने मान वर केली नाही.

"थोड़ी वार रेवा दे, बेन... म्हारी तो मिली ज कोनी..."

थोडा वेळ राहू दे, म्हणत होती; तिची पोर सापडलीच नव्हती.

इंदूला ओढून घ्यावंसं वाटेना. मी हात मागे घेतले आणि तिच्याशेजारी चिखलात बसले. ती थोपटत राहिली. अंधारायच्या आधी तिने आपणहून पोर माझ्या ओटीत घातली. मी वर पाहिलं, तर खोडावर कुणी नव्हतं.

ताप उतरला होता. पुढे मी त्या खोडापाशी खण-नारळ ठेवून आले. यांनीही अडवलं नाही.

आता सगळं बरं आहे. फक्त कधीकधी तिन्हीसांजेला इंदू झोपेत "आई" म्हणते. मी ओ देते.

"तू नाही..." ती डोळे न उघडता म्हणते, आणि कुणी थोपटल्यासारखी शांत होते.