रिकाम्या सीटचा पट्टा

मोटार-शर्यतीच्या संघात आले त्या दिवशीच मला एक नियम सांगण्यात आला. एकट्याने गाडी काढायची असेल, तर शेजारच्या रिकाम्या सीटचा पट्टा लावायचा. का, ते विचारायचं नाही. मी विचारलं. "लावायचा म्हणजे लावायचा," मालक आउलिस म्हणाला.

नोव्हेंबरातला पहिला शनिवार होता, कबरींवर मेणबत्त्या लावायचा दिवस. संध्याकाळचे पाच, पण काळोख केव्हाच पडला होता. पुढच्या मोसमासाठी एकच चालक घ्यायचा होता, मी किंवा आउलिसचा पुतण्या ओत्सो. जंगलातल्या रस्त्यावर, सहचालकाशिवाय, एकेक फेरी. दोन्ही फेऱ्या झाल्या. माझी वेळ कमी भरली; मी जिंकले होते. तरी आउलिस निकाल सांगेना. शेकोटीवर सॉसेज भाजत बसला. आणि म्हातारा मेकॅनिक ताइस्तो गोष्ट सांगायला लागला.

मला तेव्हाच संशय आला.

"रेइनो माझा दोस्त," ताइस्तो म्हणाला. "ह्याच रस्त्यावर, अशाच निवडीला उतरला होता. त्याचा सहचालक पेंट्टी त्या वसंतात तळ्यावरचं पातळ बर्फ फुटून खाली गेलेला. सापडला नाही. रेइनो एकटाच निघाला. शेजारचा पट्टा मोकळाच होता."

"घाबरलीस का, विल्या?" ओत्सोने मला डिवचलं.

"तुझी वेळ बघून घाबरले होते. आता बरं आहे."

ताइस्तो हसला नाही. "सहचालक वळण सांगतो आणि चालकाचा पाय ऐकतो. डोळ्यांआधी कान. आपली सवयच ती. टेकडी उतरताना रेइनोच्या हेडफोनमध्ये आवाज आला. वायर जोडलेलीच नव्हती... पेंट्टीचा आवाज. 'डावं. आवळून.' एकेक वळण बरोबर. रेइनो इतका वेगात कधी गेला नव्हता. मग तळं आलं. रस्ता तिथे उजवीकडे वळतो. आवाज म्हणाला... 'सरळ.'"

शेकोटीत लाकूड तडकलं.

"काठावर थांबला. कसाबसा. शेजारी पाहिलं... पट्टा लागलेला. ओला."

मग मीच विचारलं, "त्या वर्षी चालकाची सीट कोणाला मिळाली?"

ताइस्तोने कॉफीच्या कपात पाहिलं. "आउलिसला."

"वा! म्हणजे भूतही ह्यांच्याच घरचं."

"विल्या," आउलिस शांतपणे म्हणाला, "आज तू पट्टा लावला होतास?"

अच्छा. गोष्ट एवढ्यासाठी होती. नियम मोडला की मी बाहेर आणि ओत्सो आत.

"नाही लावला."

ओत्सो हसतच उठला. "चला, बघू या तरी."

गाडी मी लावली तिथेच उभी होती. कुलूपबंद. किल्ली माझ्या खिशात. भोवतालच्या ताज्या बर्फात एकट्या माझ्याच बुटांचे ठसे. मी दार उघडलं. टॉर्चचा प्रकाश आत टाकला.

पट्टा लागलेला होता.

घट्ट ओढलेला. एखाद्या किडकिडीत माणसाच्या छातीवर बसावा तसा. पट्ट्यामागे कोणी नाही. पट्ट्यातून पाणी गळत होतं.

मी तिघांचे हातमोजे पाहिले. कोरडे.

ओत्सो दोन पावलं मागे सरला. आउलिसने माझा दंड धरला. "तूच लावलास. विसरली असशील. तसं म्हण फक्त... सीट तुझी. आत्ता हात मिळवतो."

ही सीट मला शाळेत असल्यापासून हवी होती.

"नाही," मी म्हणाले. "काढायचं तर काढा मला. पण जे मी केलं नाही, ते मी केलं असं म्हणणार नाही. तुमच्या सोयीसाठी तर नाहीच." माझा आवाज चढला होता. "आणि तळ्यापाशी मला काय ऐकू आलं, ते विचारा ना. विचारा आता!"

ताइस्तोने मान खाली घातली. आउलिसने माझा दंड सोडला.

कोणीच विचारलं नाही. बाहेर उणे नऊ होतं, आणि पट्ट्यातलं पाणी गोठत नव्हतं.